हात हलला की धाव संपली : फेअर कॅचचा इशारा पंच कसा वाचतात

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी पालकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात पंट रिटर्नर आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी लाथाडलेला चेंडू खोलवर उभे राहून झेलणारा खेळाडू. एका सामन्यात उंच पंट येत असताना त्याने हात कपाळाच्या उंचीपर्यंत नेऊन दोनदा हलवला. चेंडू आखूड पडतो आहे हे ध्यानात येताच तो थांबला, चेंडूने टप्पा घेतला, मुलाने तो उचलला आणि मोकळ्या बाजूने थेट एंड झोनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यापर्यंत, पळाला. पंचांनी मात्र चेंडू त्याच्या हातात आला त्याच जागी शिट्टी वाजवली आणि टचडाउन दिले नाही. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, हात डोक्याच्या वर गेलाच नव्हता, तेव्हा तो फेअर कॅचचा, म्हणजे धाव सोडून सुरक्षितपणे झेल घेण्याचा, इशाराच नव्हे. वडिलांचे म्हणणे असे की, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या सामन्यात इशारा केल्यानंतरही टप्पा पडलेला चेंडू उचलून खेळाडू पळतात. मग इथे पंच चुकले का?

पंच चुकले नाहीत. मी टेक्सासमध्येच शालेय सामन्यांचे पंचकाम गेली अनेक वर्षे करतो आहे आणि त्यातला बराच काळ बॅक जजच्या जागी, म्हणजे पंटच्या वेळी रिटर्नरच्या सर्वांत जवळ उभा राहिलो आहे. प्रशिक्षकांनी आणि वडिलांनी मांडलेले दोन्ही मुद्दे मला जवळजवळ प्रत्येक हंगामात ऐकू येतात आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

वडिलांचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यांनी जे पाहिले ते खरेच आहे. अमेरिकेत फुटबॉलच्या तीन मोठ्या नियमावल्या चालतात. व्यावसायिक खेळासाठी एनएफएलची, महाविद्यालयीन खेळासाठी एनसीएएची आणि बहुतेक राज्यांतील शालेय खेळासाठी एनएफएचएस या राष्ट्रीय महासंघाची. टेक्सास हा मोठा अपवाद आहे. इथल्या सार्वजनिक शाळांचे सामने युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग चालवते आणि ते काही फेरफार वगळता एनसीएएच्या नियमांनुसार खेळले जातात. म्हणून शुक्रवारी रात्री आपला मुलगा ज्या नियमांनी खेळतो ते रविवारी दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या सामन्याचे नसून शनिवारच्या महाविद्यालयीन सामन्याचे असतात. एनएफएलमध्ये चेंडू हवेतून जमिनीवर पडला किंवा लाथाडणाऱ्या संघाच्या खेळाडूला लागला की फेअर कॅचचा इशारा रद्द होतो आणि रिटर्नरला चेंडू उचलून पळता येते. एनसीएएत तसे नाही. तिथे वैध किंवा अवैध इशाऱ्यानंतर झेलणाऱ्या संघाने चेंडू झेलला काय किंवा टप्प्यानंतर उचलला काय, तो जिथे हाती आला तिथेच मृत होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. इशारा संघातल्या कोणीही केलेला असो, बंधन साऱ्या संघावर येते. आपल्या मुलाची धाव याच कलमाने थांबली.

प्रशिक्षकांच्या मुद्द्याचे उत्तर अधिक खोलात जाऊन द्यावे लागेल, कारण इशारा अपुरा होता म्हणजे तो झालाच नाही, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती पूर्णपणे चुकीची आहे.

फेअर कॅच हा मुळात एक सौदा आहे. मान वर करून, चेंडूवर नजर खिळवून उभ्या असलेल्या खेळाडूला समोरून वेगाने धावत येणारे गडी दिसत नाहीत. तो हात वर करून सांगतो, ‘मी पळणार नाही, तुम्ही मला पाडू नका.’ धाव सोडायची आणि त्या बदल्यात संरक्षण घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. एनसीएएच्या नियमावलीत तरतुदीचा हेतूही असाच सांगितला आहे. झेलणारा आपल्या इशाऱ्याने कबूल करतो की, झेलानंतर तो किंवा त्याचा सहकारी चेंडू पुढे नेणार नाही. या सौद्याचा पुरा लाभ मिळण्यासाठी इशारा ठरलेल्या पद्धतीने करावा लागतो. एकच हात, डोक्याच्या स्पष्टपणे वर, शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, एकाहून अधिक वेळा हलवलेला, आणि तोही चेंडू हवेत असताना, कोणाला किंवा जमिनीला लागण्यापूर्वी. यातली एकही गोष्ट राहिली आणि हात मात्र हलला, तर तो अवैध इशारा ठरतो.

आता अवैध इशाऱ्याचे फळ पाहा. रिटर्नरला धावता येत नाही, आणि वैध इशारा करणाऱ्याला मिळणारे जादा संरक्षणही त्याला मिळत नाही. म्हणजे त्याने किंमत मोजली आणि माल घेतलाच नाही. हे अन्यायाचे वाटते, पण कारण मैदानावर समोर उभे राहिले की लगेच पटते. लाथाडणाऱ्या संघाचे गडी पूर्ण वेगाने येत असतात. रिटर्नरचा हात हलताना दिसला की ते पाय आवरतात. हात कपाळापर्यंत गेला होता की हेल्मेटच्या वर, एकदा हलला की दोनदा, हे मोजायला त्यांना वेळ नसतो, आणि मोजावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. अपुरा इशारा करूनही पळता आले असते, तर प्रत्येक चलाख रिटर्नरने हात जरासा हलवून समोरच्यांना थांबवले असते आणि मग धाव घेतली असती. त्यापुढचा परिणाम अधिक वाईट. चार वेळा फसलेला गडी पाचव्या वेळी थांबणार नाही, आणि त्या पाचव्या वेळी इशारा खरा असेल. म्हणून नियम संशयाचा फायदा थांबलेल्या गड्याला देतो. माझ्या मते संपूर्ण नियमावलीतल्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कलमांपैकी हे एक आहे.

दंडाच्या बाबतीत इथे एक फरक ध्यानात ठेवावा. एनसीएएच्या नियमांत केवळ अवैध इशारा केला म्हणून दंड होत नाही, फक्त चेंडू मृत होतो. एनएफएल आणि एनएफएचएस या दोन्हींत मात्र अवैध इशाऱ्याला 5 यार्डांचा दंड आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत दंडाची खूण असलेला पिवळा रुमाल पडला नाही आणि चेंडू उचललेल्या जागी त्याच्या संघाला पहिला डाउन, म्हणजे चढाईचा पहिला प्रयत्न, मिळाला, हे तंतोतंत नियमाप्रमाणे झाले.

पंच हा इशारा नेमका कसा वाचतो, तेही थोडे सांगतो. पंट उडाला की बॅक जजने चेंडूकडे पाहत राहण्याचा मोह टाळायचा असतो. नजर रिटर्नरवर ठेवायची; चेंडू कुठे येतो आहे हे त्याच्या मानेवरून आणि पावलांवरून कळते. त्याचा कोपर सरळ झाला का, मनगट हेल्मेटच्या वर गेले का, हात नुसता उंचावला की आडवा फिरला, आणि हे सारे चेंडू येण्यापूर्वी घडले का, एवढे टिपायचे. नुसता हात वर करून डोळ्यांवर धरणे हा इशारा नव्हे. सप्टेंबरात संध्याकाळी सूर्य कललेला असतो, पुढे दिव्यांचा झोत थेट डोळ्यांत येतो, आणि मुले डोळ्यांवर हात धरतात. हात हलवला नाही तर अशा खेळाडूला चेंडू झेलून पळण्याची पूर्ण मुभा आहे, हे एनसीएएच्या नियमांत स्पष्टपणे लिहिलेले आहे. एनएफएलमध्येही ऊन अडवण्यासाठी हात हेल्मेटपर्यंत नेता येतो, मात्र त्याच्या वर नाही. आपल्या मुलाचा हात कपाळाशी स्थिर राहिला असता तर ते टचडाउन टिकले असते. तो दोनदा हलला, आणि सारा फरक तेवढ्यात आहे.

सहकाऱ्यांना चेंडू दाखवण्यासाठी बोट करणे हासुद्धा इशारा नव्हे. अडचण येते ती ‘दूर व्हा’ म्हणून दोन्ही हात हलवले जातात तेव्हा. त्यात हात हलतो, आणि समोरून येणाऱ्याला त्याचा हेतू कळणे शक्य नसते. किकऑफच्या वेळी, म्हणजे खेळ सुरू करण्यासाठी चेंडू लाथाडला जातो तेव्हा, पुढचा खेळाडू दोन्ही हात आडवे पसरून ‘टी’ची खूण करतो, तिच्याबद्दल तर 2025 पासून एनसीएएने स्वतंत्र नियमच केला. झेलणाऱ्या संघातल्या कोणीही ती खूण केली की त्या संघाने चेंडू पळवण्याचा हक्क सोडला असे धरले जाते आणि शिट्टी वाजते. प्रशिक्षकांना माझे सांगणे असते की, सहकाऱ्यांना सावध करायचे असेल तर ओरडून करा, हातांनी करू नका.

शिट्टीविषयीही एक शिस्त आहे. इशारा झाला आहे हे ठाऊक असले तरी चेंडू खेळाडूच्या ताब्यात गेल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही. आपल्या मुलाच्या प्रसंगात चेंडू जमिनीवर उसळत असताना तो जिवंतच होता. घाईने वाजलेल्या शिट्टीमुळे तो पंट वाया गेला असता आणि डाउन पुन्हा खेळावा लागला असता. त्या पंचांनी मुलाच्या हातात चेंडू येईपर्यंत थांबून तिथेच शिट्टी दिली, यावरून ते इशाऱ्याकडेही पाहत होते आणि चेंडूकडेही, असे मी म्हणेन.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण सर्वांनी अभ्यासावे असे आहे. 15 सप्टेंबर 2018 रोजी फेएटव्हिल येथे आर्कान्सा विद्यापीठाविरुद्ध नॉर्थ टेक्सासचा रिटर्नर कीगन ब्रूअर याने पंट झेलला आणि तो तसाच निश्चल उभा राहिला. आर्कान्साचे गडी त्याच्या अगदी जवळ येऊन थबकले. फेअर कॅच झाला असे त्यांनी गृहीत धरले. क्षणभराने ब्रूअर पळत सुटला आणि 90 यार्डांचे टचडाउन झाले. सामना नॉर्थ टेक्सासने 44-17 असा जिंकला. ब्रूअरने हात वर केला नव्हता, हलवलाही नव्हता. पंचांनी शिट्टी दिली नाही, कारण द्यायला कारणच नव्हते. त्या वेळी मैदानावरचा सारा आविर्भाव फेअर कॅचचा होता, खेळाडूंची देहबोली तशी होती, प्रेक्षकांनाही तसेच वाटले असणार, आणि तरीही पंचांनी फक्त हाताकडे पाहिले. नव्या पंचांना मी ही खेळी अवश्य दाखवतो. झेल कसा झाला, झेलणारा थांबला का, बाकीच्यांना काय वाटले, यांपैकी कशाचाही निर्णयाशी संबंध नाही. संबंध आहे तो हात हलला का याच्याशी.

आता संरक्षणाविषयी, कारण पालकांना खरी काळजी त्याचीच असते. पुष्कळांचा समज असा की, इशारा केला नाही तर रिटर्नरला केव्हाही धडक देता येते. तसे नाही. झेल घेण्याच्या स्थितीत असलेल्या खेळाडूला चेंडू झेलण्याची विनाअडथळा संधी मिळालीच पाहिजे, मग त्याने इशारा केलेला असो वा नसो. एनसीएएत यासाठी एक मापही दिले आहे. चेंडू झेलणाऱ्याला लागण्यापूर्वी, त्याच्या खांद्यांच्या रुंदीइतक्या आणि समोर एक यार्ड लांबीच्या पट्ट्यात लाथाडणाऱ्या संघाचा खेळाडू शिरला तर तो अडथळा ठरतो, आणि शंका असेल तर दंड द्यावा असेच नियम सांगतो. त्याला झेलणाऱ्या संघाच्याच खेळाडूने ढकलून आत लोटले असेल तर मात्र दोष नाही. पूर्वी महाविद्यालयीन खेळात झेलणाऱ्याभोवती दोन यार्डांचे वर्तुळ मानले जाई. ते 2003 मध्ये काढून टाकण्यात आले. आताचा पट्टा त्याहून लहान आहे, पण जिथे खरा धोका असतो नेमकी तीच जागा तो राखतो.

मग इशाऱ्याने जास्तीचे काय मिळते? दोन गोष्टी. एक, झेल पूर्ण झाल्यानंतर त्याला पाडता येत नाही. पाडल्यास 15 यार्डांचा दंड. इशारा नसेल तर चेंडू हाती येताच त्याला पाडणे कायदेशीर आहे, आणि खेळाडू सहसा तिथेच जायबंदी होतात. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. वैध इशारा करणाऱ्याच्या हातून चेंडू निसटून हवेत उडाला, तर तो पुन्हा झेलण्याची त्याची संधीही सुरक्षित राहते. चेंडू त्याच्या छातीवर आदळून हातभर वर उडाला आहे, तो दोन्ही हात पुढे करून झुकला आहे, आणि समोरचा गडी एका पावलावर आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्या गड्याला थांबावेच लागते. चेंडू जमिनीला टेकला की संरक्षण संपले आणि मग ज्याच्या हाती लागेल त्याचा तो. हाच चेंडू इशारा न करणाऱ्याच्या किंवा अपुरा इशारा करणाऱ्याच्या हातून उडाला, तर पहिल्या स्पर्शालाच त्याचे संरक्षण संपलेले असते. दोनदा कपाळाशी हात हलवणाऱ्या आपल्या मुलाने हे गांभीर्याने घ्यावे, कारण चेंडू आखूड न पडता त्याच्या छातीवर आला असता तर त्याच्या वाट्याला धावही आली नसती आणि ही ढालही आली नसती.

इशारा करणाऱ्यावर आणखी दोन बंधने आहेत. चेंडू हाती आल्यावर दोन पावलांपेक्षा जास्त चालायचे नाही, नाहीतर वेळकाढूपणाचा 5 यार्डांचा दंड होतो. वेगात आलेल्या खेळाडूला थांबायला दोन पावले लागतात, म्हणून तेवढी मुभा. दुसरे बंधन अधिक महत्त्वाचे. इशारा केला पण चेंडूला हात लावला नाही, तर त्याने त्या डाउनमध्ये कोणालाही ब्लॉक करायचे, म्हणजे अंगाने अडवायचे, नाही. रिटर्नर स्वतःच्या 8 यार्ड रेषेजवळ, म्हणजे आपल्या एंड झोनपासून 8 यार्डांवर, हात हलवतो, चेंडू सोडून देतो, आणि तो अडवायला धावणाऱ्या गड्याला खांदा देतो, जेणेकरून चेंडू एंड झोनमध्ये जाऊन टचबॅक, म्हणजे अधिक पुढच्या रेषेवरून सुरुवात, मिळावा. हे कसलेले रिटर्नरही करतात आणि 15 यार्ड गमावतात. समोरच्याने इशारा पाहून आपला वेग सोडलेला असतो. त्या बेसावध माणसावर घाव घालण्याचा हक्क इशारा करणाऱ्याला नाही.

किकऑफचे गणित वेगळे आहे आणि तिथे नियम वारंवार बदलले आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. 2018 पासून एनसीएएत किकऑफवर 25 यार्ड रेषेच्या आत फेअर कॅच केला तर चेंडू 25 वर दिला जातो. वेगातल्या धडका कमी व्हाव्यात हा त्यामागचा हेतू होता. पंटला ही सवलत नाही. पंट 3 यार्ड रेषेवर फेअर कॅच केला तर खेळ 3 वरूनच सुरू होतो. आणि ही सवलत खऱ्या फेअर कॅचलाच आहे. किकऑफवर अपुरा हात हलवून 10 यार्ड रेषेवर चेंडू झेलला, तर चेंडू 10 वरच मृत होतो आणि अर्धवट उचललेल्या हाताची किंमत 15 यार्ड पडते. आणखी एक बारकावा ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू स्वतःच परत मिळवण्यासाठी मारलेल्या आखूड किकऑफचा, आहे. लाथाडणाऱ्याने चेंडू ताबडतोब जमिनीवर आपटला, तो एकदाच टप्पा घेऊन थेट किकसारखा उंच उडाला, तर एनसीएएत झेलणाऱ्याला चेंडू सरळ हवेतून आल्यासारखेच संरक्षण मिळते आणि फेअर कॅचही करता येतो. एनएफएचएसने तर 2017 मध्ये अशी उसळती किक बेकायदेशीरच ठरवली. एनएफएलने 2024 पासून किकऑफची मांडणीच बदलली आणि तिथे फेअर कॅच उरलाच नाही.

रविवारचे सामने पाहताना गोंधळ व्हावा असा आणखी एक फरक आहे. एनएफएल आणि एनएफएचएसच्या नियमांत फेअर कॅच मिळालेल्या संघाला त्याच जागेवरून, प्रतिस्पर्धी 10 यार्ड दूर उभे असताना, थेट गोलसाठी लाथ मारता येते. 19 डिसेंबर 2024 रोजी चार्जर्सच्या कॅमेरन डिकरने डेन्व्हरविरुद्ध पहिल्या अर्ध्याच्या अखेरीस असा 57 यार्डांचा गोल केला. 1976 नंतर एनएफएलमध्ये यशस्वी झालेली ती पहिलीच फेअर कॅच किक होती, आणि ती संधी डेन्व्हरच्या खेळाडूने झेलात अडथळा आणल्यामुळे मिळाली होती. एनसीएएत, आणि म्हणून टेक्सासच्या शाळांत, 2025 च्या हंगामापर्यंत हा पर्याय नव्हता. इथे फेअर कॅचनंतर खेळ नेहमी स्नॅपनेच, म्हणजे चेंडू पायांमधून मागे देऊन, सुरू होई.

आपल्या मुलाला आता काय सांगावे? फेअर कॅच हवा असेल तर चेंडू माथ्यावर असतानाच कोपर सरळ होईपर्यंत हात वर न्यावा आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना जाईल असा तीन-चार वेळा, मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसेल इतका मोठा फिरवावा. पळायचे असेल तर हात झेलासाठी वर जाईपर्यंत कमरेजवळ ठेवावेत आणि डोळ्यांवर धरलेला हात स्थिर असावा. मध्येच विचार बदलण्याची सोय नाही. एकदा हात हलला की तो मागे घेता येत नाही, मग चेंडू कुठेही पडो. टप्पा पडलेल्या चेंडूजवळ जायचेच असेल तर तो फक्त ताब्यात घेण्यासाठी जावे, आणि नेमका अंदाज नसेल तर त्यापासून लांब राहावे. चेंडू त्याच्या अंगाला लागून सुटला तर तो प्रतिस्पर्ध्यांनाही मिळू शकतो.

प्रशिक्षकांनी सामन्यापूर्वी बॅक जजला दोन मिनिटे भेटून आपल्या रिटर्नरच्या सवयी सांगाव्यात, असेही मी सुचवेन. कोणता मुलगा डोळ्यांवर हात धरतो, सहकाऱ्यांना सावध करण्यासाठी कोणता शब्द वापरतात, हे कळले तर पंचाला मदतच होते, आणि आम्ही ते आनंदाने ऐकून घेतो. आणि पुढे नोकरीनिमित्त आपले कुटुंब दुसऱ्या राज्यात गेले, तर नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तिथली नियमावली विचारून घ्यावी. बहुतेक राज्यांत ती एनएफएचएसची असेल, आणि इथे जो अर्धवट हात फक्त धाव थांबवतो, तोच तिथे धाव थांबवून वर 5 यार्डही घेऊन जाईल.